चढ्या पट्टीचं वाद्य

जुनं घर पाडायला काढलं तेव्हा भावाने मिरजेहून फोन केला. "आक्का, माळ्यावर आप्पांची पेटी सापडली. आत क्लॅरोनेट आहे. भंगारवाल्याला द्यायचं जिवावर येतंय आणि ठेवायचं तर कुठे ठेवू?" मी म्हटलं, "मला दे." बोलून गेले खरी, पण उज्जैनला आमच्या या चार खोल्यांच्या घरात मी तरी कुठे ठेवणार होते? शेवटी कपाटात, गोधड्यांच्या खाली त्याची सोय झाली.

आमचे आप्पा शाळामास्तर. कमरेला कापडी पट्टा, पायात कॅनव्हासचे बूट, चामड्याची वस्तू अंगाला लावायची नाही. तरुणपणी मिरजेत एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून ते क्लॅरिनेट शिकले. म्हातारा संस्थानच्या बँडमधला. 1948 साली संस्थानं विलीन झाली, बँड मोडले, वाद्यं आणि वादक दोन्ही रस्त्यावर आले. त्या म्हाताऱ्याने जाताना आपलं वाद्य आप्पांना दिलं. आप्पा रोज संध्याकाळी, दिवस असतानाच जेवण उरकून विहिरीवर जायचे आणि अर्धा-पाऊण तास वाजवायचे. अगदी एकटे. देवळात अष्टमी-चतुर्दशीला भजन असायचं. पेटी, ढोलकी, झांजा सगळं असायचं. आप्पाही जायचे. पण मागच्या रांगेत बसून नुसत्या टाळ्या वाजवायचे. गावात दुसरं कुणी वाद्य वाजवणारं नाही आणि हा एक वाजवणारा माणूस टाळ्या वाजवतो! आई म्हणायची, "ह्यांचं वाद्य विहिरीला ऐकू येतं, देवाला नाही." त्यात थोडा राग होता, थोडी लाज होती. हे मला आत्ता कळतं. तेव्हा आम्हाला वाटायचं, आप्पा भिडस्त आहेत, झालं.

पेटी चार वर्षं गोधड्यांखालीच राहिली असती, पण धाकट्या जावेची अन्वी मध्ये आली. आमच्याकडे श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी निघते. छत्री चौकातून गोपाळ मंदिराकडे ती वळते तेव्हा पालखीच्या पुढे पोलीस बँड असतो, आणि आम्ही सगळ्या बायका कुणाच्या तरी ओट्यावर उभ्या असतो. जैन असो, वैष्णव असो, सवारी सगळ्या उज्जैनची. अन्वी त्या बँडमधल्या काळ्या नळ्यांवर भाळली. पुढच्या वर्षी तिने शाळेच्या बँडमध्ये नाव घातलं आणि जावेने तिला नवंकोरं क्लॅरिनेट घेऊन दिलं. काळ्या प्लास्टिकचं, चांदीसारख्या चकचकीत चाव्यांचं.

सहा महिन्यांत पोरगी छान वाजवायला लागली. कवायतीच्या धुना, सिनेमाची गाणी. एक दिवस तिने भजन काढलं आणि तिथे अडली. "काकू, हे गाण्यासारखं होत नाही. पायऱ्या चढल्यासारखं होतं." मला तिची अडचण कळली. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, मींड घेतो. तिचं वाद्य मात्र टक्-टक् एकेक सूर वेगळा काढून देत होतं. ज्वारीचे दाणे मोजून द्यावेत तसं. मला विहिरीवरचा आवाज आठवला. तो पायऱ्या चढत नव्हता. मी गोधड्या बाजूला केल्या.

दोन्ही वाद्यं दिवाणावर शेजारी-शेजारी ठेवली तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं, ती दिसायलाही वेगळी आहेत. अन्वीच्या वाद्यावर 17 चाव्या आणि भोकांभोवती 6 कड्या. आप्पांच्या वाद्यावर 13 चाव्या, कड्या फक्त दोन आणि त्याही खालच्या हाताला. वरच्या हाताची भोकं उघडी, बासरीसारखी. लाकूड काळं, जड, थंड. खालच्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली: एच. पी. आई सांगायची, ते त्या म्हाताऱ्या बँडवाल्याचं नाव, हणमंत पवार की कायसं.

वाद्य वाजायला तयार नव्हतं. फुंकलं की नुसती हवा. दौलतगंजकडे एक बँडवाले मास्टरजी आहेत, महावीर जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी त्यांचाच बँड असतो. त्यांना घरी बोलावलं. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बैठकीतच बसवा हो." बँडवाला, तोंडाने फुंकायचं वाद्य, उष्टं-खरकटं, असे सगळे हिशोब त्यांच्या मनात होते. मास्टरजी आले, पेटी उघडली आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "भाभीजी, अल्बर्ट है. अब कहाँ मिलता है!"

त्या दिवशी आणि पुढे दोन-तीन खेपांना मास्टरजींनी जे सांगितलं, आणि मग मी स्वतः वाचून जे मिळवलं, ते इथे सांगते. कला शाखेची पदवीधर असले तरी हे वाचताना मजा आली. आपल्या बासरीत जोरात फुंकलं की खालच्या सा वरून आवाज उडी मारतो तो थेट वरच्या सा वर. सनईचंही तसंच. क्लॅरिनेटचं तसं नाही. ती नळी सरळसोट, वरपासून खालपर्यंत जवळपास सारख्या पोकळीची, आणि तोंडाशी पत्तीने बंद झालेली. अशा नळीत मागच्या अंगठ्याची चावी दाबून उडी मारली की सा वरून आवाज जातो वरच्या सप्तकातल्या प वर! मधला सा तो ओलांडूनच जातो. म्हणून बासरीला एका सप्तकाची भोकं पुरतात, क्लॅरिनेटला दीड सप्तकाची लागतात. आणि माणसाला बोटं दहाच, त्यातला उजवा अंगठा वाद्य तोलण्यात अडकलेला. उरलेल्या भोकांसाठी चाव्या आल्या. 1700 च्या सुमारास जर्मनीतल्या न्युरेंबर्गच्या योहान डेनर नावाच्या कारागिराने ही अंगठ्याची चावी बसवली आणि क्लॅरिनेट जन्माला आलं असं मानतात. त्यापुढचा सगळा इतिहास चाव्या कुठे आणि किती बसवायच्या याचाच आहे.

फ्रान्समध्ये क्लोझे नावाचे वादक आणि बुफे नावाचे कारागीर यांनी मिळून 1839 च्या सुमारास अन्वीच्या वाद्याची पद्धत काढली. तिला म्हणतात बोम पद्धत, कारण कड्यांची युक्ती बोम या बासरी बनवणाऱ्याची. त्यात प्रत्येक सुराचं भोक त्याच्या योग्य जागी पाडलं, मग बोट तिथे पोचो न पोचो. बोटाने कडी दाबली की लांबचं झाकण आपोआप पडतं. करंगळ्यांसाठी तर खालचे मोठे सूर दोन्ही हातांना दिले, डावीकडून दाबा नाहीतर उजवीकडून. स्वयंपाकघरात दोन नळ असले की बरं पडतं ना, तसं. सगळे सूर एकसारखे, स्पष्ट, पळायला सोपे. ब्रसेल्सच्या अल्बर्टने मात्र जुनी सोपी रचनाच सुधारून चालू ठेवली. तिच्यात करंगळी एका चावीवरून दुसरीवर घसरवावी लागते, काही सुरांना मधलं बोट उचलून आडवळणाने जावं लागतं. जलद वाजवणं कठीण. पण वरच्या हाताची भोकं मोकळी असल्याने बोट हळूहळू सरकवत नेता येतं. भोक पाव उघडा, अर्धं उघडा, सूर तसतसा सरकतो. अन्वीच्या वाद्यात बोट हळू उचललं तरी कडी उठते आणि तिला जोडलेलं दुसरं झाकण पटकन उघडतं, म्हणून ती पायरी. पोरीचा दोष नव्हता.

तुर्कस्तानात आणि ग्रीसमध्ये लोकसंगीतवाले आजही जुन्याच पद्धतीची क्लॅरिनेटं धरून बसलेत, ते याच घसरण्यासाठी. जर्मन लोकांचं तिसरंच, त्यांनी आपली एलर पद्धत ठेवली, चाव्या आणखी जास्त. आपल्याकडे दक्षिणेत क्लॅरिनेट भरतनाट्यमच्या साथीला 19व्या शतकातच बसलं. तमिळनाडूचे ए. के. सी. नटराजन यांनी तर त्यावर नादस्वरमसारखी गमकं काढली, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. रायचूरचे नरसिंहलू वडवाटी ख्यालाच्या अंगाने क्लॅरिनेट वाजवतात हे कळल्यावर मी त्यांच्या ध्वनिफिती शोधून ऐकल्या. आणि मनात पहिला विचार आला, आप्पांनी हे ऐकलं असतं तर!

आता माझा पराक्रम. मास्टरजी येण्याआधी वाद्य स्वच्छ करावं म्हणून मी त्याचं तोंड, म्हणजे पत्ती बांधायची ती चोच, उकळतं गाळलेलं पाणी ओतून धुतलं. आपल्याकडे कुठलीही वस्तू शुद्ध करायची म्हटलं की हात आधी पातेल्याकडे जातो. चोच एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. ती काळीची हिरवट-राखाडी झाली आणि घरभर गंधकाचा वास सुटला. मास्टरजींनी कपाळाला हात लावला. "गरम पानी से नहीं, भाभीजी!" सुदैवाने तिचा आकार बिघडला नव्हता. आणि आकारालाच सगळी किंमत असते, हे त्यांनी लगेच दाखवूनही दिलं. सासूबाईंना आतल्या खोलीत बसवलं. मास्टरजींनी आधी प्लास्टिकचं वाद्य त्याच्या स्वतःच्या चोचीने वाजवलं, मग त्याच प्लास्टिकच्या वाद्याला आप्पांची चोच लावून. सासूबाई आतून म्हणाल्या, "हे दुसरं जुनं आहे. जरा मोकळं वाटतं." वाद्य तेच होतं! मी पुढे वाचलं तर शास्त्रज्ञही हेच सांगतात. लाकूड की प्लास्टिक याने ऐकणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो चोचीच्या आतल्या पोकळीने, पत्तीने, नळीच्या आतल्या मापाने आणि भोकांच्या कडांनी. मास्टरजींना मात्र हे मान्य नाही. ते म्हणाले, लाकूड ते लाकूड. मी वाद घातला नाही. पितळी डब्यातल्या लोणच्याबद्दल मीही कुणाचं ऐकत नाही.

खरी गाठ पडली ती पुढे. झाकणांच्या आतली पॅडं पार वाळून गेली होती, म्हणूनच हवा निसटत होती. सगळी बदलायला हवीत. मास्टरजींनी एक जुनं पॅड नखाने काढून दाखवलं. आत लोकरीची गादी, वरून पातळ कागदासारखं काहीतरी. त्यांनी विचारलं, "असली झिल्ली लगवाऊँ या कॉर्क?" मी विचारलं, झिल्ली कसली? ते जरा घुटमळले. माहीत होतं त्यांना कुणाच्या घरात बसलोय ते. मग म्हणाले, "जानवर की आँत की होती है, माताजी के सामने क्या बोलूँ."

माताजी दारातच उभ्या होत्या. आमच्या सासूबाईंनी साठी उलटल्यावर रेशीम सोडलं. कोशेट्यातले किडे उकळतात म्हणून. लग्नातला शालूसुद्धा कुणाला तरी देऊन टाकला. त्या काही बोलल्या नाहीत, आत निघून गेल्या. मला मात्र घाम फुटला. आप्पांच्या ओठांजवळ रोज संध्याकाळी जे वाद्य असायचं, ज्याच्यासाठी आम्ही विहिरीवरच्या काठाला हळूच जाऊन बसायचो, त्याच्या तेरा झाकणांत तेरा जनावरांचं नसलं तरी एकाचं तरी आतडं होतं. चामड्याचा पट्टा न घालणाऱ्या माणसाला हे माहीत होतं का? माहीत असून ते वाजवत होते का? की म्हणूनच ते वाद्य कधी देवळात नेलं नाही?

अन्वी आजच्या काळातली. ती म्हणाली, "काकू, मग देवळातल्या ढोलकीला काय लावतात?" सासूबाईंनी आतूनच उत्तर दिलं, "ते मला माहीत आहे. डोळ्यांना दिसतं ते माहीत असतं. हे लपलेलं होतं." त्यांचं उत्तर मला अजून पुरतं कळलेलं नाही, पण त्या क्षणी खोडून काढावंसंही वाटलं नाही.

कॉर्क म्हणजे झाडाची साल. त्याची पॅडं टिकतात, हवा चांगली अडवतात, फक्त बंद होताना जरा टकटक वाजतात आणि बसवायला हात कुशल लागतो, कारण कॉर्क लोकरीसारखं दबून स्वतःची जागा करून घेत नाही. मोठ्या भोकांना कृत्रिम कातड्याची पॅडंही मिळतात. मास्टरजींचे नातेवाईक मेरठला जली कोठीत वाद्यं बनवतात, देशभरातल्या बँडवाल्यांना तिथूनच वाद्यं जातात. तिथे पेटी गेली. खर्च नव्या वाद्याच्या निम्म्यावर गेला आणि आमच्या ह्यांनी एकदाच विचारलं, "एवढं कशाला?" मी उत्तर दिलं नाही.

पेटी दीड महिन्याने आली. अन्वीने फुंकलं आणि तो आवाज आला. तोच. मी स्वयंपाकघरात होते, हातातली पोळी तव्यावर करपली. पण अन्वी पेटीच्या सुरांबरोबर वाजवायला बसली आणि तिचं तोंड पडलं. काही केल्या जुळेना. पांढरी एक धरा, काळी एक धरा, वाद्य दोन्हींच्या मधल्या फटीत! मुखाखालचा तुकडा जरा बाहेर ओढून पाहिला. त्याने मधले सूर खूप उतरतात, खालचे थोडेच. म्हणजे बाहेरच्यांशी जुळवता-जुळवता घरातच भांडण लागायचं. मास्टरजींना फोन केला. ते हसले. "एच. पी. लिखा है ना? हाई पिच. पुराना फौजी माल."

हणमंत पवार कुणी नव्हताच. ब्रिटिश लष्करी बँडांची पट्टी पूर्वी चढी होती. आज जगभर मधला ध चारशे चाळीस कंपनांचा धरतात, तो त्यांच्याकडे चारशे बावन्नच्या आसपास असायचा. त्या पट्टीसाठी नळी आखूड करायची आणि भोकं जवळ पाडायची. ते लाकडात कोरलेलं, मग बदलता येत नाही. संस्थानी बँडमध्ये सगळीच वाद्यं त्या पट्टीची, म्हणून तिथे ते सुरात. बँड मोडला, बाकीची वाद्यं गेली, आणि हे एकटं चढ्या पट्टीत राहिलं. देवळातल्या पेटीजवळ ते कधीच जुळणार नव्हतं. जगातला सर्वात मोठा वादक आणून बसवला असता तरी नाही.

मी आईला फोन केला. तिला चौऱ्याऐंशी वर्षं झाली, मोठ्याने बोलावं लागतं. आप्पांनी देवळात एकदा तरी वाजवलं होतं का, असं विचारलं. आई म्हणाली, "एकदा. तू व्हायच्या आधी. पर्युषणात. पेटीवाल्याने मध्येच हात काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, मास्तर, तुमचं बेसूर होतंय. हे उठले, वाद्य पुसलं, पेटीत ठेवलं आणि टाळ्या वाजवत बसले. परत कधी नेलं नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "मलाही तेच वाटायचं गं. बेसूर वाजवतात म्हणून. मी कधी विहिरीवर गेले नाही."

मी तिला पट्टीचं सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. तिला किती कळलं, माहीत नाही. ती म्हणाली, "म्हणजे त्यांचं चुकत नव्हतं?" मी मोठ्याने ओरडून म्हटलं, "नव्हतं!" आतून सासूबाई बघायला आल्या, काय झालं म्हणून.

झिल्लीचं मात्र मी आईला विचारलं नाही. तिला नव्याने काळजी कशाला. आणि खरं सांगायचं तर उत्तर ऐकायची माझीच तयारी नव्हती.

मिरजेचे तंबोरे सगळ्या देशात जातात. आमच्या घरापासून तंबोरे करणाऱ्यांची गल्ली सायकलवर वीस मिनिटांची. तंबोऱ्याची तार कुठल्याही पट्टीला लावता येते, फटीतल्या पट्टीलाही. गळाही लावता येतो. पेटी तेवढी ऐकत नाही, तिचे सूर कारखान्यात ठरलेले. एवढं कुणी आप्पांना सांगितलं असतं तर! किंवा आईच गाऊ शकली असती. तिचा गळा चांगला होता, दळताना गायची. आता या "असतं"ला काय करायचं? माझ्याकडे तंबोऱ्याचं छोटं यंत्र आहे, त्याला पट्टी बारीक सरकवायची सोय आहे. मी ती सरकवत नेली, अन्वीने सा धरून ठेवला, आणि दोन्ही आवाज हळूहळू थरथरत जवळ आले. एका जागी थरथर थांबली. यंत्रावर तिथे मी नेलपॉलिशने एक ठिपका काढून ठेवलाय.

पर्युषणातल्या कार्यक्रमाला अन्वीने प्लास्टिकचंच वाद्य नेलं, तिथे पेटी असते. लोकांनी कौतुक केलं. घरी आल्यावर तिने आप्पांचं काढलं आणि तेच भजन पुन्हा वाजवलं, यंत्रावर, मींडेसकट. करंगळी घसरवताना दोनदा चुकली. सासूबाई देवघराच्या दाराशी बसून ऐकत होत्या. वाद्य देवघरात यायचं नाही, लोकरीचं काय ते अजून त्यांनी ठरवलेलं नाही. पण देवघराचं दार त्यांनी उघडं ठेवलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही दोघी मिरजेला जाणार आहोत. फोनवर आईला वाद्य ऐकू जात नाही, नुसती घरघर येते म्हणते. इंदूर-पुणे गाडीची दोन तिकिटं काढली आहेत, पुढे पुण्याहून. थंडीत लाकूड तडकायची भीती असते. गार वाद्यात एकदम ऊन श्वास गेला की आतून फुगतं, बाहेरून नाही, आणि चीर जाते. म्हणून वाजवण्याआधी ते कुशीत धरून जरा ऊबदार करून घ्यायचं. पेटीत संत्र्याची साल ठेवायची असं मास्टरजींनी सांगितलंय, ओलावा राहतो म्हणून. साल दोन दिवसांनी बदलायची. बुरशी आली तर मग पुन्हा जीवहिंसेचा प्रश्न, असं अन्वी म्हणते.